भाषा प्रलंबित

दगडावर एक ओळ कोरून घ्यायची, एवढंच काम होतं. ओळही कसली, तीन शब्द. मी पोटासाठी शाळेची इंग्रजी पाठ्यपुस्तकं तपासते. चारशे पानांचं व्याकरण मी वेळेत छापखान्यात पाठवलेलं आहे, त्यामुळे तीन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह आठवड्याभरात उरकेल, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. आमच्या बेटावरच्या तोआ पायो या वस्तीतल्या आमच्या इमारतीत एखादी गोष्ट सगळ्यांना सांगितली की ती आपली राहत नाही. तिचं सार्वजनिक बांधकाम होतं.

बाबा गेले त्याला तेव्हा दोनेक महिने झाले असतील. देवळामागे अस्थी ठेवायच्या कोनाड्यांची एक उंच इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर, बरोबर माझ्या खांद्याच्या उंचीवर, बाबांना कोनाडा मिळाला. त्यावर तूर्त पुठ्ठा चिकटवला होता आणि शंभराव्या दिवसाच्या आत संगमरवरी दगड बसवायचा होता. दगडावर नाव, तारखा, फोटो, आणि खाली कुटुंबाच्या पसंतीची एक ओळ. पसंतीच्या ओळींचे नमुने कार्यालयात टांगलेले होते. 'शांत निद्रा.' बाबा इतके घोरायचे की वरच्या मजल्यावरचे लोक खाली येऊन दार वाजवायचे. 'मौनातही सोबत.' मौन आणि बाबा यांची गाठ फक्त दंतवैद्याच्या खुर्चीत पडली असेल. सगळे नमुने वाचले आणि माझ्या लक्षात आलं की यांतली कुठलीही ओळ लावली, तर त्या कोनाड्यात दुसराच कुणीतरी सभ्य गृहस्थ राहायला येईल.

मला बाबांची ओळ हवी होती. बाबा जन्मभर बस चालवत होते आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत होते. माकान ऑलरेडी आ? जेवण झालं ना? खाण्याचा शब्द मलयचा, झाल्याचा शब्द इंग्रजीचा, वाक्याची बांधणी आमच्या होक्कियन या चिनी बोलीची, आणि शेवटचा तो 'आ' कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही. दुधवाला, डॉक्टर, वीजबिल वाढल्याबद्दल भांडायला गेले तिथला कारकून, सगळ्यांना आधी हाच प्रश्न. इस्पितळात नळ्या लावलेल्या असतानाही मी दारातून आत आले की हाच. शेवटच्या दुपारीही त्यांनी हेच विचारलं आणि मी 'झालं' म्हटलं. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर 'झालं' हेच असतं. जेवलेले असा किंवा नसा.

तर ती ओळ घेऊन मी देवळाच्या कार्यालयात गेले. तिथे मिस फुआ म्हणून एक बाई बसतात. गेलेल्यांचा सगळा कारभार त्यांच्या संगणकात आहे.

"भाषा?" मिस फुआंनी विचारलं.

"इंग्रजी," मी म्हटलं.

त्यांनी ओळ वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. "ही कुठली इंग्रजी?"

"बरं, मग मलय लिहा."

"पहिला शब्द मलय. पुढचं काय करू? आणि चिनी देवळात, चिनी माणसाच्या दगडावर, मलय? समिती मला विचारेल ना!"

"मग चिनी."

"चिनी तर चिनी अक्षरांत पाहिजे. यात अक्षर आहे का एक तरी?"

"तमीळ उरली," मी म्हटलं. मी हे रागाने म्हटलं होतं, पण मिस फुआंनी गंभीरपणे ओळ तिसऱ्यांदा वाचली आणि मान हलवली.

"संगणकात चारच भाषा आहेत, मिस. एकीवर बोट ठेवल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. मी काय करू सांगा ला!"

"तुम्हाला ओळ समजली का?"

"समजली ना. लहानपणापासून समजते. म्हणूनच तर सांगते, ही भाषा नाही."

"मग तुम्ही आत्ता माझ्याशी काय बोलताय?"

"मी?" मिस फुआ दुखावल्या. "मी इंग्रजी बोलतेय. काय पण प्रश्न ला!"

त्या 'ला'ला जगातल्या कुठल्याच कोशात घर नाही आणि आमच्या बेटावर त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण ते मिस फुआंना कोण सांगणार? आणि मी कुठल्या तोंडाने सांगणार? मुलांच्या पुस्तकात हा 'ला' डोकावला तर लाल शाईने तो उडवायचा पगार मलाच मिळतो. शेवटी मिस फुआंनी ओळ एका कागदावर उतरवून घेतली, खाली काहीतरी खरडलं, आणि "समितीला विचारून कळवते" असं म्हणाल्या. शब्द तोवर दगड घडवणाऱ्या लाऊंकडे पाठवून ठेवू, म्हणजे वेळ वाचेल, असंही म्हणाल्या. वेळ वाचवायची ही कल्पना त्यांची होती, हे इथे नोंदवून ठेवते.

संध्याकाळी मी इमारतीखालच्या खाण्याच्या मंडईत गेले. तिथे कोपऱ्यातलं एक टेबल बाबांचं. त्यांच्या खुर्चीवर अजूनही कुणीतरी कागदी रुमालांचं पाकीट ठेवून जातं. आमच्याकडे खुर्चीवर पाकीट ठेवलं की ती जागा धरली. मग गरम सूपचा वाडगा हातात घेऊन उभं राहायची वेळ आली तरी त्या खुर्चीवर कुणी बसत नाही. पाकीट कोण ठेवतं ते मी कधी विचारलं नाही.

टेबलावर तिघं होती. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे सेल्वदुरै सर, निवृत्त मुख्याध्यापक. शेजारच्या रोहाना माकचिक, म्हणजे मलयमध्ये मावशी, ज्यांच्या हातचे करी भरलेले पफ खाऊन मी वाढले. आणि बाबांची मोठी बहीण, माझी मोठी आत्या, जी ऐंशीच्या पुढे गेल्यापासून कुणाचंही ऐकत नाही आणि त्याआधीही ऐकत नव्हती.

मी ओळ सांगितली. आत्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"मेलेल्या माणसाला आपण विचारायचं असतं, जेवलास का म्हणून! तो आपल्याला विचारतो का कधी? लोक म्हणतील, आपल्या क्वेकांच्या घरात सगळी उपाशी, बापाला मरूनसुद्धा चौकशी करावी लागते!"

"तसं नाही गं आत्या."

"आणि शेजारच्या कोनाड्यातले? त्यांना वाटेल हाच वाढणार आहे. येऊन बसतील रांगेने. याचा स्वभाव माहीत नाही का तुला? नाही म्हणायचा नाही तो."

"प्रश्न स्वभावाचा नसून वाक्याचा आहे," सेल्वदुरै सर म्हणाले. सर इंग्रजी बोलतात तेव्हा चाळीस वर्षांचा फळा त्यांच्या मागे उभा राहतो. "मुली, दगड हा चिरकाल टिकणारा पदार्थ आहे. त्यावर कर्ता आणि क्रियापद असणे इष्ट. 'आपण भोजन केले आहे काय?' असे लिहावे. अर्थ तोच, प्रतिष्ठा अधिक."

"बाबा असं कधी बोलले होते का, सर?"

"म्हणूनच म्हणतो. एकदा तरी बोलू दे बिचाऱ्याला."

हेच सर लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावरून कुठल्या भाषेत ओरडतात, ते अख्ख्या इमारतीने ऐकलेलं आहे. पण वडीलधाऱ्यांच्या बाबतीत काही गोष्टी ऐकून न ऐकल्यासारख्या करायच्या असतात.

"खाण्याचा शब्द आमचा आहे हं," रोहाना माकचिक म्हणाल्या. "पण राहू दे. दर हरी रायाच्या ईदला तुझ्या बापाने माझ्याकडे इतकं हादडलंय की शब्द त्याचाच झाला."

"तुमचा कसला?" आत्या उखडली. "विचारायची पद्धत आमची! तुम्ही फक्त शब्द दिलात."

"शब्द दिला तर काय कमी दिलं का, आची?" माकचिक आत्याला म्हणाल्या.

"आणि 'झालं' हा शब्द इंग्रजीने दिला, हे सोयीस्करपणे विसरू नये," सर म्हणाले.

मग तिघांनी बाबांच्या वाक्याची वाटणी करायला घेतली. भाऊबंदकीत जमिनीचे होत नसतील असे तुकडे झाले. शेवटचा 'आ' तेवढा कुणालाच नको होता. गंमत म्हणजे, हे सगळं भांडण पहिल्या शब्दापासून शेवटच्या शिवीपर्यंत ज्या बोलीत चाललं होतं, ती बोली अस्तित्वातच नाही यावर तिघांचं एकमत होतं. मी नूडल मागवल्या होत्या. त्या तशाच थंड झाल्या. बाबा गेल्यापासूनच माझं जेवणाचं तंत्र बिघडलं होतं खरं तर. घरी एकटीसाठी चूल पेटवायची म्हणजे फार आवाज होतो.

पहिला दगड आला. सुबक, पांढराशुभ्र. फोटोत बाबा हसत होते आणि खाली कोरलं होतं, 'आपण भोजन केले आहे काय?'

मी लाऊंना फोन केला. लाऊ दगड घडवतात आणि दगडाच्याच आवाजात बोलतात.

"तुम्हीच तर बदलायला सांगितलं!"

"मी?"

"तुमच्या घरचे मोठे सर. तुम्ही फोन उचलला नाही, मी दुसऱ्या नंबरवर केला. ते म्हणाले, चूक आहे, नीट करा. मी दोनदा विचारलं. त्यांनी मला क्रियापद समजावून सांगितलं."

दुसरा नंबर म्हणून सेल्वदुरै सरांचा नंबर मीच दिला होता. सर दिवसभर घरी असतात, हा त्यामागचा विचार. दिवसभर घरी असलेला मुख्याध्यापक किती धोकादायक असतो, हा विचार मी केला नव्हता. सरांना विचारलं तर ते जराही ओशाळले नाहीत. "मला आभार नकोत," म्हणाले.

मी लाऊंना सांगितलं की मिस फुआंच्या कागदावर जे आहे, तेच्या तेच कोरा. कुणाचंही ऐकू नका. एक अक्षर वाढवू नका, एक अक्षर गाळू नका.

लाऊंनी एक अक्षर गाळलं नाही. दुसऱ्या दगडावर बाबांचा फोटो होता, बाबांची ओळ होती, आणि तिच्याखाली जरा बारीक अक्षरांत, तितक्याच सुबकपणे कोरलेलं होतं, 'भाषा प्रलंबित'.

कागदावर खाली मिस फुआंनी काय खरडलं होतं, ते असं कळलं.

मी हसले नाही. ज्या बाईने आयुष्यात हजारो पानांच्या समासांत लाल शाईने शेरे मारले, तिच्या सख्ख्या बापाच्या दगडावर शेरा पडावा, यात हसण्यासारखं काही आहे असं मला त्या दिवशी तरी वाटलं नाही. लाऊ म्हणाले, "तेच्या तेच म्हणालात." मिस फुआ म्हणाल्या, "प्रलंबित तर आहेच ना." आणि आत्याने मंडईत सगळ्यांसमोर निकाल दिला, की दोन दगड वाया गेले याचा अर्थ सरळ आहे. त्यालाच ती ओळ नको आहे.

"तसं असेल तर त्यालाच विचारू," ती म्हणाली.

मिस फुआंना ही सूचना मनापासून आवडली. देवळाची समितीही खूश झाली. घरात मतभेद असतील तर खुद्द गेलेल्याला विचारावं, असा त्यांचा जुना नियमच होता म्हणे. चार भाषांच्या बाहेर जाता येत नव्हतं, पण मृतांच्या सहीला कुणाची हरकत नव्हती.

विचारायची रीत अशी. कोनाड्यासमोर उदबत्ती लावायची, जेवण मांडायचं, प्रश्न विचारायचा आणि दोन नाणी जमिनीवर टाकायची. एक छाप, एक काटा पडला तर होकार. दोन्ही काटे, तर नकार. दोन्ही छाप पडले तर गेलेला माणूस तुम्हाला हसतोय.

रविवारी सकाळी आम्ही देवळामागच्या इमारतीत, बाबांच्या कोनाड्यासमोर जमलो. आत्याने भाजलेलं बदक, संत्री आणि बाबांची साखर घालून काळी कॉफी मांडली. रोहाना माकचिक जिन्याजवळ थांबल्या. "तुमचं तुम्ही करा, मी इथेच बरी," म्हणाल्या, आणि पफचा डबा मांडीवर घेऊन बसल्या. मिस फुआ साक्षीदार म्हणून वही घेऊन उभ्या. सेल्वदुरै सरांना कुणी बोलावलं नव्हतं. ते टाय लावून आले होते.

आत्याने नाणी कपाळाला लावली आणि देवळातल्या नाटकात राजे बोलतात त्या होक्कियनमध्ये विचारलं, "हे बंधो! तुझ्या कन्येने जे मनी योजिले आहे, त्यास तुझी अनुमती आहे काय?"

दोन काटे.

"बघ!" आत्या म्हणाली. तिने पुन्हा विचारलं, आणखी एक विशेषण घालून. पुन्हा दोन काटे.

सर पुढे झाले. "आवाहनात संदिग्धता होती. क्वेक महोदय, प्रस्तावित ओळीस आपली संमती आहे अथवा नाही, हे कृपया स्पष्ट करावे."

दोन छाप.

"हसतोय," मिस फुआंनी वहीत लिहिलं.

"झालं तर मग," आत्या म्हणाली. "साधी 'शांत निद्रा' लावू आणि मोकळ्या होऊ. काय वाईट आहे त्यात?"

वाईट काहीच नव्हतं. नाणी उचलायला मी वाकले तेव्हा पुठ्ठ्याचा एक कोपरा सुटलेला दिसला. मी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, बदकाचा वास सुटला होता, आणि इतके दिवस ज्याच्या-त्याच्याशी ज्याच्या-त्याच्या भाषेत सभ्यपणे बोलून माझा जीव आंबून गेला होता. माझ्या तोंडून घरात निघायचा तसा आवाज निघाला.

"काय हो बाबा, किती ताणायचं ते! हवंय का नको, एकदाचं सांगून टाका ना! सगळे उपाशी उभेत इथे!"

आणि नाणी टाकली नाहीत, आदळली. एक काटा पडला. दुसरं गडगडत गेलं आणि मिस फुआंच्या बुटाखाली शिरलं.

मिस फुआंनी एखाद्या सुरुंगावर पाय पडल्यासारखा बूट हळूच उचलला.

छाप.

"पायाने उलटलं असेल," सर म्हणाले.

"माझ्या पायाला दोष देऊ नका, सर," मिस फुआ म्हणाल्या. "सरकारी तपासणी झालेली फरशी आहे."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्या कोनाड्याकडे पाहत होती. मग तिने कॉफीचा पेला जरासा पुढे सरकवला.

"गोड बोलून विचारलं तर त्याने कधी ऐकलंय? आई पण ओरडायची तेव्हाच उठायचा. आणि उपाशी म्हटल्यावर तो काय गप्प बसतोय." तिने पदराच्या जागी बाहीने नाक पुसलं. "लाव बाई तुझी ती ओळ. मला नाही कळत तुमचं."

जिन्याजवळून माकचिकांचा आवाज आला. "हो म्हणाला ना? मग पफ उघडू का?"

एवढं झाल्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण लाऊ म्हणाले, चिंग मिंग तोंडावर आलाय, अख्खं शहर पूर्वजांना भेटायला निघणार, सगळ्यांना सगळे दगड आत्ताच हवेत, नवा दगड सणानंतर. तोवर पुठ्ठा ठेवायचा का? पुठ्ठा आता तीन कोपऱ्यांतून सुटला होता. शेवटी दुसरा दगडच 'तात्पुरता' म्हणून बसवला. मिस फुआंनी संगणकातही तसंच नोंदवलं. पुढचं पान तरीही उघडलं नाहीच. 'तात्पुरता' या शब्दाचं आयुष्य आमच्या कार्यालयांत किती असतं, ते मी सांगायला नको. तो दगड आजही तिथेच आहे, शेऱ्यासकट.

चिंग मिंगच्या सकाळी मिस फुआंचा फोन आला. "मिस क्वेक, जरा लवकर या. तुमच्या वडिलांमुळे जिना अडलाय."

मी पोचले तर रांग तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर उतरली होती. शेवटी फुलाफुलांचा सदरा घातलेल्या एक जाड्या आंटी उभ्या होत्या, हातात संत्र्यांची पिशवी.

"ही रांग कसली, आंटी?"

"कुणाला माहीत! लांब आहे म्हणजे काहीतरी चांगलंच असणार. तू उभी राहा आधी, मग विचार."

माझ्या स्वतःच्या बापाला भेटायला मी रांगेत उभी राहिले. समोरच्या लोकांनी मला पुढे जाऊ दिलं असतं तर सगळं सांगितलंही असतं, पण आमच्या बेटावर मधे घुसणाऱ्याला क्षमा नाही, मग तो वारस का असेना. रांग पायरीपायरीने सरकत होती. वरून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येत होतं. आंटी म्हणाल्या, मंत्र असेल.

वळणावर आल्यावर मला दिसलं. सगळ्यात पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, मी कधीही न पाहिलेले. आपल्या माणसाच्या कोनाड्याकडे जाता जाता ते बाबांसमोर थांबले, डोळे बारीक करून ओळ वाचली आणि शेजाऱ्याला द्यावं तसं उत्तर दिलं.

"झालं, अंकल."

आणि पुढे गेले. त्यांच्यामागची बाई थांबली. "झालं, झालं." तिच्यामागचा तरुण कानातली तार काढून म्हणाला, "झालं, अंकल. तुमचं?" कुणीही थांबून शेरा वाचला नाही. ही भाषा कोणती, असं कुणीही विचारलं नाही. प्रश्न आला की उत्तर द्यायचं आणि पुढे सरकायचं. मिस फुआ भिंतीला टेकून हवालदारासारख्या हात हलवत होत्या. "लवकर उत्तर द्या ला, मागे लोक आहेत!"

फुलाफुलांच्या आंटींची पाळी आली. त्यांनी ओळ वाचली. क्षणभर त्यांचा चेहरा कसासाच झाला. संत्र्यांच्या पिशवीतून एक संत्रं काढून त्यांनी खालच्या फळीवर ठेवलं. "झालं," असं हळू म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मग मी. दगडावर बाबा हसत होते. खांद्याची उंची, त्यामुळे डोळे बरोबर समोर येतात. माझं 'झालं' तयार होतं. आयुष्यभर तेच देत आले होते, शेवटच्या दुपारीही तेच दिलं होतं.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "अजून नाही."

"काय?" आंटी अजून तिथेच होत्या. "जेवली नाहीस? मग इथे काय उभी राहिलीस खांबासारखी? खाली अंगणात नूडल आहेत, गरम आहेत, आधी खाऊन ये जा!"

"पण रांग..."

"रांगेचं मी बघते."

त्यांनी पर्समध्ये हात घालून कागदी रुमालांचं पाकीट काढलं आणि मी उभी होते तिथे, बाबांसमोरच्या फरशीवर, नीट ठेवलं. मागच्या माणसाने पाकिटाकडे पाहिलं, काही न बोलता अर्धं पाऊल बाजूला झाला आणि तिथूनच मान तिरकी करून म्हणाला, "झालं, अंकल."

मी खाली गेले आणि जेवले.